फ्यूज पाहिला म्हणा

दिग्रसमध्ये ज्याच्याकडे म्हणून जुनी गाडी आहे, त्याने आयुष्यात एकदा तरी भर रस्त्यावर, चार लोकांदेखत, बॉनेटमध्ये बोट घालून मोठ्याने ‘फ्यूज पाहिला’ असं म्हटलेलं आहे. त्यात दवाखानेवाले डॉक्टर आले, जिनिंगचे मालक आले, एक निवृत्त फौजदारही आले. त्यांच्यापैकी कोणालाच हा प्रकार आवडलेला नव्हता. पण रामधनभाऊ आडे यांच्या दुकानातून त्याशिवाय गाडी सुटतच नसे. चावी त्यांच्या खिशात असायची.

रामधनभाऊ गाड्यांचं वायरिंग करायचे. जिनिंगच्या भिंतीला टेकून पत्र्याची एक खोली, पुढे कडुनिंब, मागे थोडी मोकळी जागा. हंगामात कापसाची लव उडून सगळ्यावर बसायची. बॅटऱ्यांवर, चहाच्या कपात, भाऊंच्या भुवयांवर. माणूस उंच, वाळलेला, बोलायला कंजूस. करंट तपासायचा दोन वायरींचा छोटा बल्ब कायम गळ्यात, आणि शर्टाच्या खिशात लाल नेलपॉलिशची बाटली. पुरुषाच्या खिशात नेलपॉलिश पाहून मी मनात जे समजायचं ते समजून घेतलं आणि साफ चुकले.

मी तेव्हा दिग्रसहून सात किलोमीटरवरच्या तांड्यावर, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. माझी गाडी चौदा वर्षांची. माझ्याकडे ती तिसऱ्या घरी नांदायला आली होती आणि आधीच्या दोन्ही घरच्या खोडी सोबत घेऊन आली होती. मार्चपासून काटा लाल रेषेकडे चढायला लागला. रेडिएटरचा पंखा फिरायचा, पण कसा, तर लग्नघरात बळेच कामाला लावलेल्या जावयासारखा. एका गॅरेजवाल्याने पंखा बदलला. नवाही तसाच फिरला. दुसऱ्याने सांगितलं, इंजिन तापलं की गाडीतला हीटर पूर्ण सुरू करा, तेवढीच उष्णता बाहेर निघते. हा सल्ला खरा होता, हेच वाईट. एप्रिलची दुपार, पुढे बाजार समितीत शिरणाऱ्या ट्रॅक्टरची रांग, मागे एसटी, आणि मी काचा खाली करून हीटरचा झोत अंगावर घेत बसलेली. ना पुढे जाता येत होतं ना मागे. त्या दिवशी मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले, आणि ते निव्वळ रागाने.

रांगेतून एक उंच माणूस वाकून खिडकीशी आला. म्हणाला, “हीटर बंद करा जी. गाडीचा जीव वाचवता वाचवता तुमचा चालला.” त्याने दोन हमालांना हाक मारली आणि गाडी ढकलत कडुनिंबाखाली नेली. ही माझी आणि रामधनभाऊंची ओळख.

“पंखा आळशी आहे,” असं मी म्हटलं, तेव्हा त्यांना ते लागलंच. “आयशी नाही मॅडम. त्याले पोटभर भेटून नाही राह्यलं.”

मग त्यांनी माझ्याकडे एक कागद मागितला. पर्समध्ये चाचणीचा उरलेला पेपर होता, गणित, चौथी. पंखा मंद फिरत असताना त्यांनी तो पेपर रेडिएटरच्या जाळीला लावून सोडला. पेपर घसरून मातीत पडला. नंतर दोन लांब वायरी थेट बॅटरीपासून पंख्याला जोडल्या. पंखा असा काही गरजला की मी मागे सरले. पेपर जाळीला चिकटून बसला, कोपराही हलला नाही.

“पंखा चांगला हाय. रस्ता खराब हाय,” असं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि वायरीवरून बोटं फिरवायला सुरुवात केली. कुठे वायर गरम लागते ते पाहत होते. जिथे करंट अडतो तिथे वायर तापते, एवढंच त्यांचं शास्त्र. दिव्यामागच्या एका बोल्टपाशी बोटं थांबली. पंख्याची अर्थिंगची वायर त्या बोल्टवर कसलेली होती, आणि मागच्या मालकाने गाडी रंगवताना रंगवाल्याने बोल्टखालच्या पत्र्यावरही रंग मारून दिला होता. रंगावर बसलेल्या वायरीतून करंट जाणार कसा? भाऊंनी पॉलिश पेपरने रुपयाएवढा पत्रा घासून उघडा केला, बोल्ट पुन्हा कसला. पेपर चिकटला. दोन गॅरेजांनी जे दीड महिन्यात केलं नाही, ते वीस मिनिटांत झालं.

मग ती बाटली निघाली. फ्यूजशेजारी त्यांनी नेलपॉलिशचा लाल टिक्का लावला आणि म्हणाले, “बोट लावा. म्हणा, फ्यूज पाहिला.”

मी म्हटलं, “पाहिला ना.”

“तसं नाही जी. बोट ठिवा अन् तोंडानं म्हणा.”

चार लोकांसमोर बोट लावून वाचायला लावणं हे माझं काम. ते माझ्यावरच उलटलेलं मला मुळीच खपेना. मी दहा मिनिटं हुज्जत घातली. भाऊ शांतपणे दुसऱ्याच्या हॉर्नकडे वळले. शेवटी मी बोट ठेवून म्हटलं तेव्हा चहावाला माझ्याकडे बघून हसला, कारण त्याने हे रोज पाहिलेलं होतं.

पुढे जाऊन-येऊन त्यांच्या तऱ्हा कळत गेल्या. सगळ्यांत मोठी तऱ्हा अशी, की ज्या गाडीत त्यांच्या हातचा वायर आहे त्या गाडीत ते कधीही बसत नसत. आणि दिग्रसमध्ये त्यांच्या हातचा वायर नाही अशी जुनी गाडी नव्हती. म्हणून ते फक्त सायकल नाहीतर एसटी. एका व्यापाऱ्याने मुलाच्या लग्नाला दारव्ह्याला न्यायला गाडी पाठवली. भाऊंनी बॉनेट उघडून पाहिलं, आपलाच लाल टिक्का ओळखला आणि ड्रायव्हरला परत पाठवलं. एसटीने पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या. “तुमची गाडी चांगली हाय,” ते व्यापाऱ्याला समजावत होते म्हणे. “हात माहा हाय न!”

दुसरी तऱ्हा म्हणजे ‘डायरेक्ट’ या शब्दाचा राग. आपल्याकडे पंख्याची रिले गेली, स्विच गेला, की कुणीही सांगतं, डायरेक्ट मारून द्या. म्हणजे मधलं सगळं गाळून बॅटरीपासून पंख्यापर्यंत एकच वायर ओढायची, काम भागतं. एकदा चहाच्या टपरीसमोर उभ्या असलेल्या परक्या गाडीत भाऊंना अशी बिनफ्यूजची डायरेक्ट वायर दिसली. त्यांनी पक्कड काढली आणि मालकाला न विचारता ती तोडून टाकली. मालक कॉलर धरून ओरडायला लागला. भाऊ म्हणाले, “आता बसा इथं. दोन घंटे लागतीन. पन बरोबर करून देतो.” तो माणूस दोन तास शिव्या देत बसला, आणि जाताना त्यानेही बोट ठेवून म्हटलं.

मला वाटायचं, हा विक्षिप्तपणा आहे. काही हुशार माणसांना असतो. मागच्या मोकळ्या जागेत विटांवर चढवून ठेवलेल्या व्हॅनकडे मी तोवर नीट पाहिलंच नव्हतं.

एका रविवारी मी गेले तेव्हा दुकान बंद आणि मागून इंजिनाचा आवाज. व्हॅन जागेवर सुरू होती. आतून सगळी नवी वायरिंग, बाहेरून पत्रा एका बाजूने भाजलेला. भाऊ पुढे उकिडवे बसून पंखा लागायची वाट पाहत होते. इंजिन तापलं, पंखा लागला, त्यांनी कागद चिकटवला. कागद गच्च बसला. त्यांनी मान हलवली. “कमी हाय. थरथरते.”

“कुठे थरथरतोय भाऊ? चांगला बसलाय.”

“तुमाले नाही दिसत.”

त्या दिवशी त्यांनी सांगितलं, एकदाच, माझ्याकडे न पाहता. व्हॅन त्यांच्या धाकट्या भावाची, प्रल्हादची. तो दिग्रसहून सवाऱ्या नेत असे. अकरा वर्षांपूर्वी, बोरी अरबच्या बाजाराचा दिवस, मे महिना. व्हॅनचा पंखा मंद पडला म्हणून प्रल्हाद दुकानात आला. आत आठ सवाऱ्या घामाने निथळत, चला चला करत होत्या. नीट काम करायला वेळ नव्हता. भाऊंनी डायरेक्ट वायर ओढून दिली. दारव्ह्याच्या पुढे सीटखाली वायर वितळली आणि आग लागली. सवाऱ्या उतरल्या, कुणाला काही झालं नाही. प्रल्हादने सीट उचलून पेटती वायर हाताने ओढली. डाव्या हाताची बोटं जी चिकटली ती चिकटलीच.

“डायरेक्टले म्या नेहमी फ्यूज टाको,” भाऊ म्हणाले. “पन त्या दिवशी टाकलता का नाही टाकलता, हेच मले आठोत नाही. हात आठोते, वायर आठोते, सवाऱ्यांची कलकल आठोते. फ्यूज नाही आठोत. सगळं जयलं. पाहायले काही राह्यलंच नाही.”

मी म्हटलं, प्रल्हादला विचारा.

“तो तवापासून बोलत नाही माह्याशी. अन् विचारलं, अन् त्यानं ‘नोता’ म्हटलं, तं मंग म्या कुठी जाऊ?”

तर असा हा माणूस त्या एका दुपारीत कोंडला गेला होता. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका मोठ्या गॅरेजने त्यांना दोनदा बोलावलं. गेले नाहीत; व्हॅन कुठी ठिवू, म्हणाले. भावाचं घर आपलंच समजून चालवायचे. त्यांची आई, तांड्यावर आईला याडी म्हणतात आणि भावाला भिया, प्रल्हादकडे राहायची. भाऊ दर शनिवारी सायकलने तिला भेटायला यायचे ते प्रल्हाद शेतात असताना, आणि तो परतायच्या आत निघायचे. एका आईची दोन मुलं एकमेकांची पावलं चुकवत अकरा वर्षं त्याच रस्त्याने ये-जा करत होती. मला हे माहीत होतं, कारण प्रल्हादची मुलगी माझ्या चौथीच्या वर्गात होती. सगळा तांडा म्हणायचा, प्रल्हादने भावाला माफ केलं नाही. मीही तेच धरून चालले होते, आणि प्रल्हाद मला मुळीच आवडत नसे.

नंतरच्या एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटल्यावर तांड्याच्या वळणावरच माझी गाडी तापली. पंखा बंद. फ्यूज उडालेला होता. आसपास माणूस नाही, सावली नाही. तेवढ्यात प्रल्हाद बकऱ्या घेऊन आला. त्याने वाकून पाहिलं. लाल टिक्का दिसताच तो एक पाऊल मागे सरला.

माझ्या पर्समध्ये वर्गातल्या एका पोराच्या वाढदिवसाचं चॉकलेट होतं. मी त्याची चंदेरी पन्नी काढली आणि उडालेल्या फ्यूजला गुंडाळायला घेतली. आपल्याकडे सर्रास करतात, माझा नवरासुद्धा करतो. प्रल्हादने त्या वाकड्या हाताने माझं मनगट धरलं. मी घाबरले.

“नका करू जी. म्या तेच केलतं.”

“काय केलंत?”

“फ्यूज होता,” तो म्हणाला. “भियानं टाकलता. दारव्हा सोडलं अन् उडला. सवाऱ्या बोंबलून राह्यल्या होत्या. म्या सिगरेटच्या पाकिटातली पन्नी गुंडाळली अन् हाणली गाडी.”

मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. शिक्षकाच्या तोंडी शोभणारं नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, “पयल्या दिवशी दवाखान्यात सांगाव म्हटलं. तं तोच रडून राह्यला होता, माही चूक, माही चूक. तिथं तोंड उघडलं नाही. मंग त्यानं घर चालवायले घेतलं. त्याचं खाऊन कसं सांगू? रोज जड होत गेलं. समोरच जानं सोडलं म्या.”

“तुम्ही सांगता की मी सांगू?”

“तुमी नका सांगू,” म्हणाला आणि बकऱ्यांमागे निघून गेला. जाण्याआधी माझ्या पंख्याच्या दांड्यात गुंडाळलेली सुतळी काढून दिली. तिनेच पंखा अडला होता आणि फ्यूज उडाला होता. डिक्कीत भाऊंनी ठेवायला लावलेला जादा फ्यूज होता, तो मी घातला.

त्यानंतरचे तीन आठवडे मी दुकानापुढून मान खाली घालून जायची. मला ठाऊक होतं आणि त्यांना नव्हतं, आणि ते मात्र माझ्या गाडीचा पंखा कसा चाललाय हे आपुलकीने विचारायचे. एकदा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण ते माझं नव्हतं. ज्याने पन्नी गुंडाळली त्यानेच ती सोडवायला हवी होती.

मग रस्ता रुंद करायचं निघालं आणि खोलीच्या भिंतीवर मोजणीवाल्यांनी खूण करून नेली. आठ दिवसांत जागा मोकळी करायची. भाऊ लोहाऱ्याला जायला तयार झाले, दुसरा इलाजच नव्हता. व्हॅनला तिथे जागा नव्हती. सोमवारी भंगारवाला येणार होता. शनिवारी मुलीला न्यायला आलेल्या प्रल्हादला मी फाटकाशी गाठलं. “सोमवारी व्हॅन भंगारात चाललीय. मग तुम्ही सांगितलं काय आणि न सांगितलं काय,” एवढंच बोलले आणि वर्गात गेले.

रविवारी सकाळी मी दुकानाकडे गेले. काही काम नव्हतं, खोटं कशाला बोलू? भाऊ व्हॅन सुरू करून शेवटचं तिच्यापुढे बसले होते. प्रल्हाद सात किलोमीटर चालत आला. चपलेपासून गुडघ्यापर्यंत धूळ. कडुनिंबाखाली थांबला आणि म्हणाला, “भिया.”

भाऊ उठले. गळ्यातला बल्ब हलत राहिला.

“फ्यूज होता,” प्रल्हाद म्हणाला. “तू टाकलता. म्या त्याच्यावर पन्नी गुंडाळली.” बाकी सगळं त्याने एका दमात, खाली मान घालून सांगितलं.

मला वाटलं, भाऊ आता ओरडतील. पण त्यांनी विचारलं, “किती नंबरचा?”

“वीसचा.”

“कसा होता? रंग?”

“पिवया.”

“पिवया,” भाऊ म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, पिवया होता.” मग रस्ता ओलांडून चहावाल्याला सांगून आले, की पिवया होता, म्या टाकलता. चहावाल्याला काही कळलं नाही, त्याने मान डोलावली. परत आल्यावर त्यांनी प्रल्हादच्या पाठीत असा एक गुद्दा घातला की तो दोन पावलं पुढे गेला. “अकरा वर्षं, परल्या! अकरा वर्षं!” आणि तिथेच विटांवर बसून तोंड झाकून रडले. प्रल्हाद शेजारी बसला. मी झाडाकडे पाहत राहिले. मलाही आवरत नव्हतं.

इंजिन सुरूच होतं. तापलं, आणि पंखा लागला. भाऊंनी सवयीने माझ्यापुढे हात केला, मी पर्समधून पेपर दिला. तो त्यांनी प्रल्हादकडे दिला. प्रल्हादने चिकटलेल्या बोटांत धरून तो जाळीला लावला आणि सोडला.

“थरथरते का रे?”

“नाही भिया. चांगला बसला.”

भाऊंनी जवळ जाऊन पाहिलं नाही. त्यांनी फ्यूजच्या डबीचं झाकण उघडलं. “बोट ठिव. म्हण.”

प्रल्हादने वाकडं बोट लाल टिक्क्यावर ठेवलं. “फ्यूज पाहिला.”

हमालांना बोलावून विटा काढल्या, चाकांत हवा भरली. याडीला आधी सांगायला हवं, असं दोघांनीही एकदमच म्हटलं. प्रल्हाद स्टिअरिंगमागे बसला, वाकड्या हाताने गिअर चाचपून पाहिला आणि शेजारच्या सीटवर थाप मारली. भाऊ दारात उभेच.

“माह्या हातचा वायर हाय याच्यात.”

“म्हनूनच बस,” प्रल्हाद म्हणाला.

पुढे मे महिन्यातच माझी बदली यवतमाळला झाली आणि भाऊ लोहाऱ्याला गेले ते कुठल्या गॅरेजात, ते मला शोधायला जमलं नाही. त्यामुळे माझ्या आठवणीत ते शेवटचे असे आहेत. व्हॅन मागच्या जागेतून बाहेर आली आणि माझ्यासमोरून तांड्याच्या रस्त्याला वळली, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. भाऊंनी वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. डोळे गच्च मिटलेले. प्रल्हाद म्हणत होता, “भिया, डोये उघड न.” आणि पुढच्या जाळीवर माझा चौथीचा गणिताचा पेपर तसाच चिकटलेला होता. रेडिएटरसमोर कागदाचा कपटा राहिला तरी गिऱ्हाइकावर खेकसणारा तो माणूस, आज स्वतःच तो काढायचा विसरला होता. हाक मारायला मी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काहीतरी विसरता आलं होतं.